स्वभावोक्तीचं रिकामं पान

"रात्रीतून कुणीतरी दोन पायऱ्या वाढवल्यात," आई दारातच म्हणाली आणि भाजीची पिशवी खाली टेकवून चौकटीला धरून उभी राहिली.

"अतिशयोक्ती," टेबलापाशी बसलेली वेलांटी म्हणाली. मान वर केली नाही.

आई हसली. ते हसू अर्ध्यावरच दोऱ्यासारखं तुटलं, आणि पुढचा श्वास तिने तोंडाने ओढून घेतला. वेलांटीला ते ऐकू गेलं नाही. तिच्यासमोर आईच्या पुस्तकाची शेवटची प्रुफं पसरली होती, हातात लाल पेन्सिल होती, आणि छापखानेवाले कोणत्याही क्षणी टेंपो घेऊन दारात उभे राहणार होते.

त्या घरात माणसांना नावं होती, पण ती शाळेच्या हजेरीपुरती. थोरली लेक जन्मली तीच बारीक आणि जराशी वाकलेली, म्हणून आईने तिला वेलांटी म्हटलं. धाकटा गोल गरगरीत निघाला, तो टिंबा. सगळी हयात फळ्यासमोर घालवलेल्या बाईकडून दुसरं काय होणार? वेलांटी आता स्वतः शाळेत भाषा शिकवत होती. टिंब्याने खालच्या गाळ्यात पंखे आणि मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं होतं. आईला अख्खी गल्ली 'बाई' म्हणायची.

आणि त्या घरात एक नियम होता.

तो झाला कसा, ते दोघांनाही लख्ख आठवत होतं. वडील गेले तेव्हा दोघं शाळकरी होती. एका दुपारी शाळेतून आली तर आई ओट्यापाशी पाठमोरी उभी, आणि पदर डोळ्यांना.

"काय झालं गं आई?"

"काही नाही रे. कांदा चिरत होते."

दोघांनी टोपलीकडे पाहिलं. टोपलीत कांदा नव्हता. आईनेही मग टोपलीकडे पाहिलं, नाक ओढलं, आणि वर्गातल्या आवाजात म्हणाली, "याला म्हणतात व्याजोक्ती. खरं कारण झाकायचं आणि खोटं पुढे करायचं. ओळखलंत ना? झालं तर मग. ओळखलं की सुटका. आता काही विचारायचं नाही."

तेव्हापासून तेच. अलंकार ओळखला की सुटका. "हा कपड्यांचा डोंगर कोण उचलणार?" असं आईने म्हणावं, "रूपक!" असं ओरडून टिंब्याने पळावं, आणि डोंगर वेलांटीच्या वाट्याला यावा. "भांडी तुमच्या नावाने रडतायत रे." "चेतनगुणोक्ती!" निर्जीव भांड्यांना रडायला लावलं की चेतनगुणोक्ती, हे त्या घरात भांडी घासायच्या आधी शिकून होत असे. मुलं मोठी झाली, आईचे केस पांढरे झाले, पण खेळ काही थांबला नाही. आईही मग साधं बोलेनाशी झाली. दुखलं, खुपलं, हवंनको झालं, की ते एका छानशा वाक्यात गुंडाळून पुढे ठेवायचं. मुलांनी वरचा कागद बघून नाव सांगायचं. आत काय आहे ते कुणी उघडून बघायचं नाही.

आता या सगळ्याचं पुस्तक होत होतं. 'वाचताना अलंकार कसे ओळखावेत', शाळेतल्या मुलांसाठी. पहिल्याच पानावर आईने मुलांना सांगितलं होतं: कुठलंही वाक्य वाचलंत की लगेच नाव शोधायला धावू नका. आधी विचारा, हे खरंच घडतंय का? घडत नसेल, तरच पुढचा प्रश्न: मग असं का म्हटलं असेल? उदाहरणं सगळी तिची स्वतःची, जात्यावरच्या गाण्याच्या चालीवर रचलेली. चेतनगुणोक्तीला हे:

*दार दमलं दमलं, भिंतीला टेकून झोपलं*
*एकली जागी कडी, तिने घरदार राखलं*

उपमेला हे:

*लेक माझी सुईवाणी, जाईल तिथं जोडी*
*फाटल्या गं दोन काठा, एका टाक्यात ओढी*

आणि व्याजोक्तीला अर्थातच कांदा:

*डोळ्यांत गं पाणी, म्हणे कांदा चिरीत होते*
*टोपली गं रिकामी, कांदे आणाया जात होते*

सगळं जागच्या जागी होतं. फक्त एक पान रिकामं होतं. वर मथळा: स्वभावोक्ती. खाली एक ओळ: 'जसं आहे तसं सांगणं. ना कमी, ना जास्त.' आणि त्याखाली कोरा कागद. तिथलं उदाहरण आईनेच काल खोडलं होतं. "यात मी नटवलंय," म्हणाली, "देईन उद्या दुसरं." तो उद्या उजाडून आता चांगला वर आला होता.

फोन वाजला.

"ताई, मशीन थांबवून ठेवलंय मी," छापखानेवाले ओरडले. त्यांच्या मागे यंत्रांचा एवढा खडखडाट, की थांबलेलं मशीन नेमकं कुठलं असा प्रश्न पडावा. "माणसं हातावर हात ठेवून बसलीयेत. आज हे पान चढलं नाही तर पुस्तक शाळा उघडल्यावर येणार. मग रद्दीत घाला ते!"

"देते काका. एकच पान राहिलंय."

"निघालोच मी टेंपो घेऊन. खाली हॉर्न देतो."

वेलांटीने फोन ठेवला. "आई, ऐकलंस ना? दे आता ते."

आई अजून दारातच होती. "देते हं," म्हणाली, आणि भिंतीला हात लावत लावत येऊन खुर्चीत बसली. जबड्याखाली तळहात ठेवला. टिंबा तेवढ्यात चहाला वर आला. त्याचे हात ग्रीसने काळे, म्हणून दार त्याने कोपराने ढकललं.

"काय गं, तोंड का वेडंवाकडं?"

"जबड्यात सुतार शिरलाय मेला. सकाळपासून खिळे ठोकतोय."

"उत्प्रेक्षा!" टिंबा म्हणाला.

"कसली उत्प्रेक्षा?" वेलांटीची पेन्सिल थांबली. "तिने 'जणू' म्हटलंय का? रूपक आहे ते."

"रूपकाला दोन्ही लागतात, ताई. दुखणं पण हवं आणि सुतार पण हवा. इथे नुसताच सुतार आहे."

"मग दुखणं गेलं कुठे?"

"सुताराने गिळलं!"

दोघं हसली. आईही हसली असती, पण तिने डोळे मिटून घेतले होते. "भांडा," ती हळूच म्हणाली, "भांडा. परीक्षेत येणारे हे." मग वर पंख्याकडे बघून म्हणाली, "हा तुझा पंखा आज माझ्याशी बोलत नाहीये रे टिंब्या."

"चेतनगुणोक्ती. आणि पंख्याला नावं ठेवायची नाहीत. परवाच बेअरिंग बदललंय मी त्याचं. बघ कसा गरगरतोय."

पंखा खरंच गरगरत होता. टेबलावरची प्रुफं उडू नयेत म्हणून वेलांटीने त्यांच्यावर मिठाची बरणी ठेवली होती. त्या वाऱ्यात बसलेल्या आईच्या कपाळावर मात्र घाम दाटला होता. एक थेंब कानाजवळून ओघळून मानेवर गेला. टिंब्याने चहा ओतून घेतला आणि तो खाली गेला. जिन्यात तो तिच्याच कडव्याची शीळ घालत होता, दार दमलं दमलं.

"पाठीवर कुणीतरी ओली चादर टाकून गेलंय," आई म्हणाली.

वेलांटीने नावसुद्धा घेतलं नाही. नुसती मान हलवली. एव्हाना तिला ओळखायचाही कंटाळा आला होता.

"आई, खेळ पुरे आता. एक वाक्य दे. साधं, नक्षी नको, झालर नको. समोर जे आहे तेवढंच."

"तेच तर मला जमत नाही गं."

"जमव. खिडकीतून बघ आणि सांग."

आईने खिडकीकडे मान वळवली. तेवढ्यालाही तिला वेळ लागला. "कठड्यावर मांजर बसलंय."

"वा! हेच. पुढे?"

"न्यायाधीशासारखं."

"आई!"

"अगं, बसलंयच तसं, त्याला मी काय करू? बरं, थांब. समोरच्या गच्चीवर चादर वाळत घातलीये." ती थांबली, श्वास घेतला, पुन्हा थांबली. "ती वाऱ्याशी भांडतेय."

"आई, तू मुद्दाम करतेस!"

खाली हॉर्न वाजला. लगेच पुन्हा वाजला. वेलांटीने खिडकीशी जाऊन "आले, आले!" अशी हाक घातली. छापखानेवाले टेंपोतून अर्धे बाहेर येऊन मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटून दाखवत होते. ती परत येऊन बसली, ते रिकामं पान पुढे ओढलं, पेन्सिलीला टोक आहे का पाहिलं. मागे आई उठली होती. वेलांटीचा रिकामा चहाचा कप घेऊन ओट्याकडे चालली होती. वेलांटीची पाठ तिच्याकडे होती.

"माझ्या डाव्या हातातून कप सुटतोय," आई म्हणाली.

वेलांटी चमकली. हेच! इतका वेळ हेच तर हवं होतं. आवाजही कसा, सपाट, कोरा, एकही वळण नसलेला. तिने भराभर लिहून घेतलं. माझ्या डाव्या हातातून कप सुटतोय.

"छान. पुढे?"

"मला घाम आलाय."

मला घाम आलाय.

"अजून, आई. थांबू नकोस."

"मला नीट दिसत नाही."

मला नीट दिसत नाही. लाल अक्षरं कागदावर एकाखाली एक येत होती आणि वेलांटीला आनंद होत होता. उगाच नाही अख्खी गल्ली हिला बाई म्हणत. ठरवलं की येतंच हिला. "आता एकच ओळ, की झालं पान."

"मला धर."

वेलांटीने लिहिलं, मला ध.

आणि कप फुटला.

तिची पेन्सिल 'ध'वरच राहिली. डोळे मात्र आपोआप वर गेले, पहिल्या ओळीकडे, आणि शिकवलेल्या पोराने वाचावं तसं तिने ते पान पहिल्यांदा वाचलं. हे खरंच घडतंय का? माझ्या डाव्या हातातून कप सुटतोय. घडतंय. मला घाम आलाय. घडतंय. मला नीट दिसत नाही.

"आई!"

तिने वळून धरलं तेव्हा आई ओट्याच्या कडेला लोंबकळत होती. हात थंड, गाल मेणासारखा, पाठीवरचं पोलकं पिळून काढावं इतकं ओलं. ओली चादर, वेलांटीच्या मनात आलं.

"टिंब्या! टिंब्याऽऽ!"

त्या हाकेत काय होतं कोण जाणे. एरवी दहा हाका मारल्याशिवाय न येणारा टिंबा एकेक पायरी सोडून जिना चढत आला. आईला त्याने लहान पोरासारखी उचलली. त्याच्या हातांचं ग्रीस तिच्या पांढऱ्या पातळाला लागलं, आणि आई तशातही म्हणाली, "डाग पडतील रे."

"पडू देत."

खाली छापखानेवाले रागाचं तोंड करून उभे होते. "काय हो ताई, हे काय... अरे! बाई?" पुढचं त्यांनी विचारलं नाही. टेंपोत मागे कागदांची रिमं होती, ती त्यांनी पायाने सारली. "बसा. पुढे नको, मागे बसा, त्यांना आडवं करता येईल. धरून बसा, मी भोंगा दाबूनच चालवतो."

टेंपो निघाला. कोऱ्या कागदांच्या थप्प्यांमध्ये आईचं डोकं वेलांटीच्या मांडीवर होतं. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा तिच्या अंगातून जात होता.

"उगीच धावपळ केलीत," आई पुटपुटली. "मला काही झालेलं नाही. पित्त आहे. सकाळी रिकाम्यापोटी चहा घेतला ना, त्याचं आहे हे."

टिंब्याने ताईकडे पाहिलं. त्याला हायसं वाटायला लागलं होतं. पित्त म्हणजे काय, सोडा प्यायला की गेलं.

"व्याजोक्ती," वेलांटी म्हणाली.

जन्मभर हा शब्द त्यांनी हसत, ओरडत, टाळ्या देत म्हटला होता. आज तो तिच्या तोंडून दगडासारखा पडला. "आई, तू सकाळी चहा घेतलाच नाहीस. तुझा कप रात्री मीच विसळून ठेवला होता, अजून तसाच कोरडा आहे तो. टोपलीत कांदा नाहीये, आई."

आईने तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डोळ्यांच्या कडेतून पाणी आलं, आणि ते कशाचं, हे झाकायचं तिने काही केलं नाही.

"भीती वाटतेय गं," ती म्हणाली.

"हो. मलाही."

दवाखान्याच्या दारात आणखी दोन गाड्या उभ्या होत्या. कुठेतरी बस उलटली होती. आत रक्त होतं, आरडाओरडा होता, बाकांवर जखमी बसले होते. एक तरुण डॉक्टरीण एकाला टाके घालून उठत होती, दुसऱ्याकडे वळत होती. आईला चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं. डॉक्टरीण तिच्यापाशी आली तेव्हा तिच्या कोटाच्या बाहीला वाळलेलं रक्त होतं आणि डोळ्यांत झोप नव्हती.

"काय होतंय आजी? छातीत दुखतंय का?"

आणि आई सावरून बसली. कपाळावरचे केस मागे सारले. परक्या माणसासमोर ती पुन्हा बाई झाली.

"दुखत नाही हो," ती म्हणाली. "एक पाखरू अडकलंय आत. दार सापडत नाहीये त्याला. सापडलं की जाईल आपलं आपण."

डॉक्टरीण हसली. दिवसातलं पहिलंच हसू असावं ते. "आजी कविता करतात वाटतं?" मग वेलांटीला म्हणाली, "घाबरल्यात त्या. छातीत दुखत नाही म्हणतायत. पित्ताची गोळी देते, त्या बाकावर बसवा. हे अपघाताचे पेशंट झाले की तपासते सावकाश." आणि ती वळली.

"डॉक्टर!"

"ताई, इथे माणसं रक्तबंबाळ..."

"त्या तुमच्याशी बोलल्याच नाहीत अजून." वेलांटीने तिची रक्ताची बाही धरली होती. ती तिला सोडवेना. "माझी आई अशीच बोलते. म्हणजे, आम्हीच तिला असं बोलायला लावलंय. तुम्ही वाक्य ऐकलंत. त्याचा अर्थ मी सांगते. थोडा वेळ द्या. थोडाच."

डॉक्टरीण थांबली. कदाचित बाही सुटत नव्हती म्हणून थांबली असेल.

वेलांटीने डोळे मिटले. सकाळपासूनचं सगळं एखाद्या उताऱ्यासारखं डोळ्यांपुढे आणलं, पहिल्या ओळीपासून. वर्गात ती मुलांना म्हणायची, घाई करू नका, ओळ परत वाचा. आता तिच्याकडे घाईशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि तरी ती परत वाचत होती.

"सकाळी म्हणाली, कुणीतरी पायऱ्या वाढवल्यात. म्हणजे जिना चढताना धाप लागली. रोज चढते, कधी लागत नाही. मग म्हणाली..."

"जबड्यात सुतार शिरलाय," टिंबा म्हणाला. "मी हसलो त्याच्यावर. म्हणजे जबडा दुखत होता. सकाळपासून, ठणकत होता."

"आणि पंखा."

"हां. पंखा बोलत नाही म्हणाली. पंखा चालू होता डॉक्टर, पूर्ण वेगात, मीच दुरुस्त केलाय. म्हणजे वाऱ्यात बसून तिला घाम फुटला होता."

"पाठीवर ओली चादर. तो घाम गार होता. मी हात लावून पाहिलाय आत्ता. मग डाव्या हातातून कप पडला. डोळ्यांपुढे अंधारी आली. आणि आता पाखरू, म्हणजे छातीत धडधडतंय, वेडंवाकडं. हो ना, आई?"

आईने मान हलवली.

"आणि 'दुखत नाही' म्हणाली, ते..." वेलांटीने खाली बसून आईच्या गुडघ्यांवर हात ठेवले. "आई. एकदाच. नक्षी नको. डॉक्टरांना सांग."

तो दवाखाना, तो आरडाओरडा, ते रक्त, सगळं जरा मागे सरकलं. आईच्या ओठांवर काहीतरी आलं, जुन्या सवयीचं, गोल, नटलेलं काहीतरी. तिने ते गिळलं.

"छातीवर ओझं आहे," ती म्हणाली. "डावा हात दुखतोय. सकाळपासून वाढत चाललंय. श्वास पुरत नाही."

डॉक्टरीण तोवर खुर्चीच्या मागे गेलेली होती. "स्ट्रेचर!" ती ओरडली. "ईसीजी लावा, आत्ताच्या आत्ता. आधी का नाही सांगितलंत?" हे तिने कुणाला विचारलं ते तिलाही माहीत नसावं, कारण उत्तराला ती थांबली नाही.

मशीनमधून कागदाची पट्टी निघू लागली. वेलांटी पडद्याच्या फटीतून पाहत होती. पट्टीवर रेघा होत्या, चढत्या, उतरत्या, मध्येच भलतीकडे उंच गेलेल्या. तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. डॉक्टरीण मात्र पट्टी दोन्ही हातांत ताणून वाचत होती, ओठ हलवत, परत मागे जाऊन, पुन्हा पुढे येऊन. वाचणाऱ्या माणसाचा चेहरा वेलांटीला ओळखू येत होता. तो चेहरा बदलला.

"अटॅक आहे," डॉक्टरीण बाहेर येऊन म्हणाली. "चालू आहे अजून. रक्तवाहिनी बंद झालीये, ती उघडायला लागेल. आत घेतोय. तुम्ही सही करा."

"वाचेल ना?"

डॉक्टरिणीने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "बाकावर बसवलं असतं तर मी 'नाही' म्हणाले असते. आता प्रयत्न करतो, एवढंच सांगते."

तिच्या बोलण्यातही कुठे झालर नव्हती. वेलांटीने सही केली.

दार बंद झालं. दाराला कडी नव्हती, दोन काचा होत्या आणि वर एक लाल दिवा. टिंबा भिंतीला पाठ लावून खाली बसला. हातांचं ग्रीस तो पँटला पुसत होता, निघत नव्हतं, तरी पुसत होता.

"मोटार जळायच्या आधी आवाज बदलते, ताई," तो म्हणाला. "मला लगेच कळतं. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचं कळतं मला. आणि घरात..." त्याने तळहात तोंडावर दाबला. गालावर पाचही बोटं काळी उमटली.

"तू निदान नावं तरी घेत होतास. मी शेवटी तेही सोडलं. नुसती लिहून घेत होते."

"तू लिहून घेत होतीस?"

"हो."

"म्हणजे ती पडत होती आणि तू..."

"हो, टिंब्या. म्हटलं ना, हो."

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. बोलला असता तर बरं झालं असतं. वेलांटीची मूठ मघापासून घट्ट मिटलेली होती. ती तिने उघडली. आत ते पान होतं, चुरगळून ओलं झालेलं. जिना उतरताना, टेंपोत, सही करताना, सगळा वेळ ते तिच्या डाव्या मुठीत होतं. छापखानेवाले शेजारी येऊन बसले. त्यांनी पान बघितलं, लाल ओळी वाचल्या, आणि चष्मा काढून शर्टाला पुसायला लागले.

"मशीन थांबलंय ना काका तुमचं," वेलांटी म्हणाली.

"थांबू दे. मशीनच आहे ते." त्यांनी चष्मा लावला. "तुमची आई माझ्या पोरीला शिकवायला होती. माहितीये का? गणितात नापास झाली म्हणून पोरगी रडत घरी आली, तर यांनी निरोप पाठवला होता, म्हणे आकड्यांचं आणि तुझं भांडण आहे, मिटेल." ते थांबले. "मिटलं नाही कधी. पण पोरगी हसली त्या दिवशी."

लाल दिवा तसाच होता. आत एखादं भांडं वाजलं की तिघंही एकदम दाराकडे बघत. एकदा एक नर्स धावत आत गेली आणि टिंबा उभा राहिला. ती तशीच धावत बाहेर आली, काहीतरी घेऊन पुन्हा आत गेली. तो उभाच राहिला. वेलांटी मनात एकच ओळ म्हणत होती. लेक माझी सुईवाणी, लेक माझी सुईवाणी. पुढची ओळ तिला म्हणवत नव्हती.

दिवा विझला तेव्हा तिला वाटलं, दिवाच बिघडला.

डॉक्टर बाहेर आले, हे दुसरे, वयस्कर. तोंडावरची पट्टी खाली ओढून म्हणाले, "उघडली वाहिनी. आहेत त्या. झोपल्यात." टिंबा तिथेच खाली बसला आणि हमसून हमसून रडला. का रडतोस असं कुणी विचारलं नाही, आणि त्यानेही कांद्याचं नाव काढलं नाही.

दोन दिवसांनी आईला साध्या खोलीत आणलं. अंगातून नळ्या निघाल्या होत्या. मनगटावर सुईचा जांभळा डाग होता आणि आवाज बारीक झाला होता, पण आवाजातली बाई शाबूत होती.

"पान दिलंस का छापायला?"

"नाही."

"का? खोळंबले असतील ना ते बिचारे."

"आई, ते पान छापायचं नाहीये."

"दाखव."

वेलांटीने पर्समधून पान काढलं. घरी जाऊन तिने ते जाड पुस्तकाखाली दाबून सरळ केलं होतं. घड्या मात्र राहिल्या होत्या. आईने ते नाकाजवळ धरून वाचलं. वाचता वाचता भुवई वर गेली. मग तिने हात पुढे केला. वेलांटीला कळलं आणि तिने लाल पेन्सिल दिली. शेवटच्या ओळीत 'मला ध' होतं. त्यापुढे तिने एक 'र' काढला, जरा तिरपा, आणि पूर्णविराम दिला.

"आता दे," ती म्हणाली. "अर्धवट वाक्य छापू नये. आणि पहिल्या पानावर ते लिहिलंय ना मी, आधी विचारा, हे खरंच घडतंय का? ते ठळक टाइपात घ्यायला सांग."

तिने पान वेलांटीच्या हातात दिलं आणि उशीवर मागे टेकली. टेकताना ओठ आवळले. वर पंखा कुरकुरत फिरत होता. टिंबा पायथ्याशी स्टुलावर बसून त्या पंख्याकडे संशयाने बघत होता.

"ही खाट माझ्या पाठीत बोटं घालून मणके मोजतेय," आई म्हणाली.

टिंब्याचं तोंड उघडलं. सवयच ती. वेलांटीने त्याच्याकडे पाहिलं आणि ते मिटलं. आईने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"अरे, ओळखा की! परीक्षेला बसल्यासारखी तोंडं काय करून बसलायत?"

"आधी तू सांग," वेलांटी म्हणाली. "दुखतंय का?"

आई थांबली. खिडकीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, काहीतरी छानसं शोधत असल्यासारखं. मग तिने ते शोधणं सोडून दिलं.

"दुखतंय."

"स्वभावोक्ती," टिंबा म्हणाला, आणि नर्सला बोलवायला उठला.